कोड पुसला की दिवा जातो, आठवड्याने परत येतो: डॅशबोर्डवरचे इशारे आणि सेन्सरचे बिघाड कसे शोधायचे

चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड आणि त्याबरोबर एखाद्या सेन्सरचं नाव येतं. सेन्सर बदलला जातो, कोड पुसला जातो, दिवा विझतो. आठ-दहा दिवसांनी तोच दिवा, तोच कोड. मग सेन्सर डुप्लिकेट निघाला असेल म्हणून दुसरा बसतो. तोही गेला की ईसीएमवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर, संशय येतो. या चक्रात अडकलेल्या गाड्या माझ्याकडे सतत येतात. त्यांच्यातून काढलेले जुने सेन्सर मी मुद्दाम मागून घेऊन तपासतो, आणि त्यातले कितीतरी ठणठणीत असतात. मालकाचा पैसा गेलेला असतो आणि गाडीवरचा विश्वासही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दिवा विझतो तेव्हा नेमकं काय होतं

अमेरिकेत १९९६ पासून नव्या कारना ओबीडी-२ ही निदानाची एकसारखी पद्धत सक्तीची झाली, आणि पुढे इतर देशांचे नियमही त्याच धर्तीवर आले. डॅशबोर्डखालचं १६ पिनांचं सॉकेट त्यातूनच आलं. या पद्धतीत बरेचसे दोष पहिल्यांदा दिसले की ईसीएम ते 'पेंडिंग' म्हणून नुसते टिपून ठेवतं. पुढच्या फेरीत (इंजिन सुरू करून, गाडी चालवून, बंद करेपर्यंत एक फेरी) तोच दोष पुन्हा दिसला की मग दिवा लावतं. उलट लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही, तर दिवा आपोआप विझतो. कोड मात्र त्यानंतरही मेमरीत राहतो, इंजिन साधारण ४० वेळा गार अवस्थेतून पूर्ण गरम होईपर्यंत.

आता सेन्सर बदलल्यावर काय होतं ते बघा. दिवा गेला तो कोड पुसला म्हणून. श्रेय मिळालं नव्या सेन्सरला. ईसीएम पुन्हा आपली तपासणी पूर्ण करेपर्यंत, आणि दोष दोनदा दिसेपर्यंत, मधले दिवस सगळं सुरळीत वाटतं. त्यातही दोष कधीतरीच येणारा असेल, म्हणजे सैल कपलर (वायरी जोडणारा प्लग), ओल, गार हवामान असं काही कारण असेल, तर महिनाभरही निघून जातो. त्यामुळे 'बदलल्यावर आठवडाभर चांगली चालली' हा दुरुस्तीचा पुरावा मी मानत नाही.

दुसरी गोष्ट, कोड सर्किटचं नाव सांगतो. पी०११८ म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटवर व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त आहे. इतकंच. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलर आहे, दोन वायरी आहेत, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट) आहे आणि दुसऱ्या टोकाला ईसीएमची पिन आहे. यातलं काहीही बिघडलं तरी कोड हाच.

आधी हे बघा, मग बाकीचं

लाल दिव्यांच्या बाबतीत शोधाशोध नंतर. ऑइल प्रेशरचा लाल दिवा इंजिन चालू असताना लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. सेन्सर खराब असेलही, पण ते ऑइलची पातळी आणि प्रत्यक्ष प्रेशर मोजूनच ठरवायचं, गाडी चालवत राहून नाही. तापमानाच्या लाल दिव्यालाही हाच नियम. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग थांबलंय. काही इंजिनांत त्याच बेल्टवर वॉटर पंपही असतो, तेव्हा बेल्ट तुटला असेल तर इंजिन तापायला वेळ लागत नाही. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही राहिला तर ब्रेक ऑइलची पातळी बघा. पॅड झिजले की पातळी उतरते, म्हणून नुसतं ऑइल भरून दिवा घालवू नका, पॅडही बघा. आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी हळू घ्या आणि शक्य तितक्या लवकर थांबवा.

बाकीच्या पिवळ्या दिव्यांना वेळ असतो, आणि तो वेळ नोंदीसाठी वापरा. दिवा कधी लागला? इंजिन गार होतं की गरम? पाऊस होता? खड्ड्यात आदळल्यावर? स्टिअरिंग पूर्ण वळवताना? सीट मागेपुढे केल्यावर? ही माहिती कोडपेक्षा मोलाची असते. गाडी देणाऱ्याने 'अधूनमधून लागतो' एवढंच सांगितलं तर मी पुन्हा खोदून विचारतो, कारण त्या 'अधूनमधून'मध्येच अर्धं उत्तर असतं.

आणि कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेम वाचा. दोष नोंदवला त्या क्षणीचं आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, हे ईसीएमने साठवून ठेवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं. मी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवतो, मगच पुढे.

चावी ऑन केल्यावर सगळे दिवे काही सेकंद लागतात ना, तेही नीट बघा. एखादा दिवा तेव्हा लागतच नसेल तर तो बिघाड लपलेला आहे. जुनी गाडी घेताना तर हे हमखास बघा, कारण विकण्याआधी दिवा काढून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

बॅटरी आणि अर्थिंग: इथे अर्धा तास घालवाच

तीन-चार दिवे एकदम लागले, की चार सेन्सर एकदम गेले असं होत नसतं. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं, आणि सगळ्यात सामाईक गोष्ट म्हणजे वीज.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी काही तास उभी असताना चांगल्या, पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत ईसीएम अल्टरनेटरचं चार्जिंग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतं, तेव्हा आकडा थोडा खाली दिसला म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका; हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजा. मीटर एसीवर टाकून इंजिन चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याचा संशय घ्या. ही लहर सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळते आणि असे काही कोड येतात की त्यांचा एकमेकांशी संबंधच लागत नाही.

आता अर्थिंग. इथेच लोक फसतात, कारण ते कंटिन्यूटी बघतात. मीटर बीप वाजवतो आणि वायर पास होते. पण बीप वाजवायला मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. एका दोऱ्याने रिकामी बादली उचलता येते, भरलेली नाही. वायरच्या वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो, आणि मोटर सुरू झाली की तीच वायर दगा देते. म्हणून लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, व्होल्टेज ड्रॉप मोजायचा, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते बघायचं.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर धरा. क्लॅम्पवर नाही, खुंटावरच, म्हणजे क्लॅम्पचा सैलपणाही मापात येतो. लाल पिन इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर चांगलं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनची अर्थ वायर नक्की बघायला हवी. मग लाल पिन बॉडीच्या रंग नसलेल्या धातूवर ठेवा, इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेची हीटर जाळी, सगळं लावा. इथे ०.१ च्या आत यायला हवं.

याचं एक उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिलंय. एका सेडानमध्ये एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि पॉवर स्टिअरिंग हे तिन्ही दिवे पावसाळ्यातल्या सकाळी एकदम लागायचे. गाडी निघून शंभर पावलंही गेली नसतील तोच. दुपारी काहीच नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही चाकांचे सेन्सर बदलून झाले होते, आता एबीएस मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कॉम्प्युटर, बदलायचं ठरत होतं. बॅटरी नवी, १२.५ व्होल्ट. कोडमध्ये चाकाच्या सेन्सरबरोबर सिस्टिम व्होल्टेज कमी असल्याचाही कोड होता. पहिल्यांदा बघणाऱ्याने तो सोडून दिला होता. मालकाने सांगितलेलं 'निघाल्या निघाल्या' मला महत्त्वाचं वाटलं, कारण गाडी निघाल्यावर थोडा वेग येताच एबीएस आपल्या पंपाची मोटर क्षणभर फिरवून बघतं. त्याच वेळी सकाळची काच पुसट म्हणून ब्लोअर आणि जाळी चालू, हेडलाइट चालू, आणि पार्किंगमधून काढताना स्टिअरिंगही पूर्ण वळवलेलं. सगळा भार बॉडीच्या अर्थिंगवर.

बॉडीवर ड्रॉप मोजला. सगळं लावल्यावर ०.९ व्होल्ट. स्टिअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेलं तेव्हा १.४. बॅटरीचा ट्रे काढला. त्याखाली बॅटरीच्या निगेटिव्हपासून आलेली वायर बॉडीला बोल्टने कसलेली होती. बोल्ट वरून घट्ट, पान्याला हलत नव्हता. पण खोलल्यावर लगखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, गंजाचा तपकिरी थर, आणि त्याखाली रंग. कधीतरी डेंटिंग-पेंटिंग करताना जागा रंगवली गेली होती आणि वायर रंगावरच कसली होती. पॉलिश पेपरने लग आणि जागा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावलं. ड्रॉप ०.०४. त्यानंतरचा अख्खा पावसाळा दिवे लागले नाहीत. काढून ठेवलेले दोन्ही जुने सेन्सर मी परत जोडून पाहिले. दोन्ही बरोबर वेग दाखवत होते.

सेन्सर खरंच गेला का, हे तो न बदलता कसं ठरवायचं

कूलंट टेंपरेचर सेन्सर दोन वायरींचा असतो आणि तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. २० अंशाला साधारण दोन-अडीच हजार ओहम, इंजिन तापल्यावर दोन-तीनशे ओहम. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात. पण मीटरशिवायही एक सोपी परीक्षा आहे. स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे, लावा आणि सेन्सरचा कपलर काढा. तापमान उणे ४० च्या आसपास जायला हवं. आता कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. आकडा एकदम वरच्या टोकाला, शंभरच्या बराच पुढे जायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम बरे आहेत, सेन्सर खरोखर गेलाय, खुशाल बदला. कपलर काढूनही आकडा हलला नाही, तर नवा सेन्सर लावून काहीही होणार नाही. (काही गाड्यांत दोष ओळखताच ईसीएम स्वतःचा ठरावीक आकडा दाखवू लागतं, तेव्हा कपलर काढल्याबरोबर लगेच स्क्रीन बघा.) ही युक्ती फक्त या दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये पिना अशा जोडायच्या नाहीत.

तीन वायरींचे सेन्सर, म्हणजे मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल पोझिशन (हवेची झडप किती उघडली ते सांगणारा), एसीचं गॅस प्रेशर वगैरे, यांना ईसीएमकडून ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल अशा तीन वायरी असतात. कपलर काढून चावी ऑन करा आणि ५ व्होल्ट मोजा. ते कमी असतील तर सेन्सरला बोल लावू नका. बऱ्याच गाड्यांत एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर अनेक सेन्सर असतात आणि त्यातला एक आतून शॉर्ट झाला की बाकी सगळ्यांचे कोड येतात. अशा वेळी मीटर ५ व्होल्टच्या वायरवर ठेवून त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढायचे. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. ज्यांचे कोड आले होते ते बिचारे निर्दोष.

एबीएसच्या चाकाच्या सेन्सरचे दोन प्रकार. जुन्या पद्धतीचे कॉइलवाले, ज्यांचा रेझिस्टन्स मोजता येतो, बहुतेकदा हजार ओहमच्या आसपास. आणि हल्लीचे इलेक्ट्रॉनिक, ज्यांना पुरवठा लागतो. या दुसऱ्या प्रकाराचा ओहममध्ये रेझिस्टन्स मोजून काहीच कळत नाही. त्यापेक्षा लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग एकत्र लावा आणि मोकळ्या रस्त्यावर सरळ, हळू चालवा. बघायचं काम शेजारी बसलेल्याने करायचं. एक चाक मध्येच शून्य दाखवत असेल तर कपलर किंवा वायर. हळू वेगात थांबता थांबता एकाच चाकाचा आकडा आधी गळत असेल तर सेन्सर आणि चाकाबरोबर फिरणारी रिंग (जिच्यावरून सेन्सर वेग वाचतो) यांच्यातलं अंतर, गंज किंवा धातूचा चुरा. प्रत्येक फेऱ्याला एकदा उडी मारत असेल तर रिंगला तडा. चाकाचं बेअरिंग बदलल्यापासूनच दिवा लागत असेल तर बेअरिंग उलटं बसलंय का बघा. चुंबकीय रिंग बेअरिंगच्या एकाच बाजूला असते, सेन्सरच्या बाजूला ती नसेल तर त्याला काही दिसतच नाही.

ऑक्सिजन सेन्सरवर तर सगळ्यात जास्त खोटे आळ येतात. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. ही बातमी सेन्सरने दिली, म्हणून बातमी देणाऱ्यालाच काढून टाकायचं का? इनटेकच्या होजला चीर, एअर फिल्टरनंतरचा पाइप सैल, इंधनाचा दाब कमी, एअर फ्लो सेन्सर मळलेला, हे आधी बघा. पी०४२० चं तसंच. तो कन्व्हर्टरच्या कामाबद्दल बोलतो. मागचा सेन्सर बदलून तो बरा होणं क्वचितच. आधी एक्झॉस्टची गळती आणि मिसफायर तपासा.

कपलर हलवून बघा

अधूनमधून येणाऱ्या दोषांत मला सगळ्यात जास्त वेळा कपलर आणि वायरच सापडल्या आहेत. इंजिन चालू ठेवा, लाइव्ह डेटा समोर ठेवा आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एका टोकापासून हाताने हळूहळू हलवत जा. पंखा आणि बेल्टपासून बाह्या, हात लांब. जिथे आकडा उडी मारतो तिथे थांबा. कपलर उघडून बघा: आत हिरवा कळंक दिसतोय का, पाणी आहे का, रबरी सील निघालंय का, एखादी पिन मागे सरकलीय का. पिना स्वच्छ दिसल्या तरी त्या आतून ढिल्या असू शकतात. त्याच मापाची सुटी पिन आत सरकवून बघा. हलकीशी पकड जाणवायला हवी. पाण्यासारखी आत-बाहेर होत असेल तर ती पिन बदलायची. साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, पॉलिश पेपर या बारीक पिनांवर नको, त्यांचा मुलामा निघतो.

वायर तुटते ती जिथे सतत वाकते तिथे: दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत, डिकीच्या झाकणाजवळ, इंजिन हलतं त्या बाजूला. वरचं प्लॅस्टिक शाबूत असतं आणि आतली तार तुटलेली. दोन्ही बाजूंनी हलकं ओढा; तुटलेल्या जागी प्लॅस्टिक रबरासारखं ताणतं. वायरला टाचणी टोचून व्होल्टेज बघायची सवय मात्र सोडा. त्या भोकातून शिरलेलं पाणी पुढे काही महिन्यांनी नवा दोष घेऊन येतं.

बाहेरून लावलेल्या वस्तूही बघा. रिव्हर्स कॅमेरा, अलार्म, जीपीएस, जादा हेडलाइट. टेप गुंडाळून मूळ वायरिंगमधून घेतलेला सप्लाय दिसला की मी आधी तो सुटा करतो. यू अक्षराने सुरू होणारे कोड असतील, म्हणजे मॉड्यूलांचं एकमेकांशी बोलणं तुटत असेल, तर बॅटरी काढून निदान सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या जवळ यायला हवा. १२० आला तर मॉड्यूलांना जोडणाऱ्या लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय, शून्याच्या जवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. सॉकेट आणि मुख्य लाइन यांच्यामध्ये गेटवे (दोन्हींना वेगळं ठेवणारं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हे माप तिथे मिळत नाही, मग मॉड्यूलच्या कपलरवर मोजावं लागतं.

एअरबॅगच्या दिव्यात मात्र घरी हात घालू नका. त्याच्या पिवळ्या कपलरमध्ये मीटर कधीच लावायचा नाही. मीटरच्या करंटनेही एअरबॅग उडण्याचा धोका असतो. सीटखाली काही ठेवल्यावर किंवा सीट सरकवल्यावर दिवा लागला, एवढी नोंद मेकॅनिकला द्या. सीटखालचा कपलर ओढला जाणं हे यातलं नेहमीचं कारण आहे, आणि बॅटरी काढून, थांबून, तो नीट बसवणं हे त्याचं काम.

झालं हे कधी म्हणायचं

दुरुस्ती करून कोड पुसल्यावर स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' उघडा. सगळ्या तपासण्या अपूर्ण दिसतील. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी गार इंजिनने सुरू करा, थोडी गर्दीतून, थोडी एका वेगात मोकळ्या रस्त्याने चालवा. दोन-तीन दिवसांत तपासण्या पूर्ण होतात. कन्व्हर्टर आणि पेट्रोलच्या वाफेची तपासणी सगळ्यात शेवटी. मग दिवा न बघता पेंडिंग कोड बघा. आधी ज्या परिस्थितीत दिवा लागायचा, तीच मुद्दाम आणा: ओली सकाळ असेल तर ओली सकाळ, स्टिअरिंग वळवताना असेल तर ब्लोअर, हेडलाइट लावून स्टिअरिंग टोकापर्यंत वळवा. तपासण्या पूर्ण आणि पेंडिंगची यादी रिकामी असेल तर गाडी मालकाच्या हातात द्या, आणि काढलेला सेन्सर चांगला निघाला असेल तर तोही पिशवीत घालून सोबत द्या. गाडी त्याची, सेन्सरही त्याचाच.